खिळ्यांचा वर्ण

कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य आणि दलित साहित्य यांची तुलना आपल्या विद्यापीठांतून आता रूढ झाली आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा ही तुलना ओढूनताणून केलेली आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती आशयापाशीच थांबते, ही माझी तक्रार आहे. शब्द कोणत्या अक्षरांत आणि कोणत्या साच्यात छापले गेले, हा प्रश्न चित्रकारांवर सोपवून आपण मोकळे होतो.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन वृत्तपत्रांत पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती येत. वर्ण, उंची, अंगावरच्या खुणा, बक्षिसाची रक्कम. आणि शेजारी खांद्यावर गाठोडे टाकून निघालेल्या माणसाचा लहानसा ठसा. हा ठसा त्या विशिष्ट माणसाचा नसे. खिळे पाडणारे कारखाने तो तयार विकत आणि जुळारी जहाजाच्या ठशाइतक्याच सहजतेने तो बसवी. ग्लेन लायगन (जन्म १९६०) यांनी १९९३ साली 'रनअवेज' ही दहा शिळामुद्रणांची मालिका केली, ती याच साच्यात. मी हरवलो आहे असे समजून माझे वर्णन लिहा, असे त्यांनी मित्रांना सांगितले होते. स्नेह्यांचे ते साधे शब्द जुन्या मांडणीत बसताच पाठलागाची भाषा बोलू लागतात. मजकूर बदलला तरी साचा आपला अर्थ सोडत नाही.

त्याआधी, १९९२ च्या चार अम्लमुद्रांत, त्यांनी झोरा नील हर्स्टन यांची वाक्ये पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत पुन्हापुन्हा उमटवली, तर राल्फ एलिसन यांच्या 'इन्व्हिजिबल मॅन' (१९५२) मधील उतारे काळ्यावर काळ्या अक्षरांत. हर्स्टन यांची वाक्ये खाली उतरता उतरता शाईत बरबटत जातात. एलिसन वाचायला तर डोळ्यांना झगडावे लागते. याचा मराठी अनुवाद कसा करणार? शब्द येतील, शाई येणार नाही.

एमॉस पॉल केनेडी (धाकटे) यांची वाट निराळी. चाळिशीच्या सुमारास नोकरी सोडून ते खिळाछपाईकडे वळले. लाकडी खिळे, रंगांचे थरावर थर, साधा पुठ्ठा, माफक किंमत. आणि स्वतःला ते मुद्रकच म्हणवतात. त्यांची भित्तिपत्रके क्वचित घोषणेच्या फार जवळ जातात, हे खरे. पण १९६८ साली मेम्फिसच्या संपकरी सफाई कामगारांनी हाती धरलेला 'मी माणूस आहे' हा फलकही घोषणाच होता, आणि लायगन यांनी १९८८ साली रंगवले ते त्याचेच चित्र.

एलिसन शिकवताना ती काळी मुद्रा वर्गात दाखवावी, आणि शेजारी पँथरच्या एखाद्या पत्रकाची मूळ प्रत ठेवावी. नव्या टंकात सुबक केलेली नव्हे.