मतपेटी बाहेरून आणता येते, न्यायालय नाही

अमेरिकेने २०२५ च्या जानेवारीत परदेशी मदत रोखली आणि १ जुलैपासून ‘यूएसएड’मार्फत मदत देणेच थांबवले. विकसनशील देशांतील निवडणूक निरीक्षण, स्वतंत्र माध्यमे आणि मानवी हक्क संघटनांचा मोठा आधार गेला. आता तिथल्या लोकशाहीचे काय होणार? हा प्रश्न समजून घ्यायचा तर बौद्धबहुल कंबोडियाकडे पाहावे लागेल.

१९९१ च्या पॅरिस करारानंतर संयुक्त राष्ट्रांनी तिथे सुमारे २२ हजार सैनिक, पोलीस व कर्मचारी पाठवले. दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. ख्मेर रूजच्या धमक्या असूनही मे १९९३ मध्ये जवळपास ९० टक्के मतदारांनी मतदान केले. पूज्य भन्ते महाघोसानंद यांच्या धम्मयात्रेने लोकांना धीर दिला होता.

निकालात फुन्सिन्पेक पक्षाला १२० पैकी ५८ आणि हुन सेन यांच्या पक्षाला ५१ जागा मिळाल्या. तरीही हुन सेन सत्तेवरून हटले नाहीत. तडजोड म्हणून देशाला दोन पंतप्रधान मिळाले! कारण पोलीस, सैन्य आणि गावपातळीवरचे प्रशासन हुन सेन यांच्याच पक्षाच्या हाती होते. त्यावर देखरेख ठेवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा अधिकार बराचसा कागदावर राहिला. १९९७ मध्ये हुन सेन यांनी दुसऱ्या पंतप्रधानांना बळाने हटवले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमुख विरोधी पक्षच बरखास्त केला. २०१८ मध्ये सत्ताधाऱ्यांनी सर्व १२५ जागा जिंकल्या. युरोपीय संघाने निवडणुकीची मदत थांबवली, २०२० मध्ये व्यापार सवलतीही अंशतः काढल्या. फरक पडला नाही. २०२३ मध्ये हुन सेन यांचे पुत्र पंतप्रधान झाले.

म्हणजे मदत व्यर्थ असते का? नाही. त्याच काळात तिथे मानवी हक्क संघटना उभ्या राहिल्या, निवडणूक निरीक्षक तयार झाले. पण निवडणुकीला तारीख असते, निधी देणाऱ्याला अहवालात दाखवता येते. निष्पक्ष न्यायाधीश आणि पक्षापुढे न झुकणारा पोलीस घडायला एक पिढी लागते. शिवाय संघटनेचा सगळा पैसा परदेशातून येत असेल, तर तिला ‘परकीयांचे हस्तक’ ठरवणे सरकारला सोपे जाते.

संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे कसे आहेत यावर सारे अवलंबून आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. कार्यकर्त्यांनी त्याचा अर्थ नीट घ्यावा. बाहेरची मदत जरूर घ्यावी, पण संस्था लोकांच्या वर्गणीवर आणि पहाऱ्यावरच टिकते.