घरचें दप्तर

पावसाळ्यापूर्वीं औतें तपासावीं हें कोणाही शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. परंतु ज्या कागदांच्या आधारें जमीन आपली म्हणावयाची, ते वर्षानुवर्षें उलगडले जात नाहींत. खरेदीखत ट्रंकेंत, सातबाऱ्याचा उतारा फडताळांत, सोसायटीची पावती पंचांगांत. आणि कोठें काय आहे हें ठाऊक एकट्या कर्त्या पुरुषास!

आम्हीं महसूल खात्यांत हयातभर कारकुनी केली. तेथील एक प्रसंग आम्हांस विसरतां येत नाहीं. एका घरचा कर्ता वारला. सोसायटीचें कर्ज त्यानें पुरतें फेडलें होतें. परंतु उताऱ्यावरील बोजा कमी करविला नव्हता, आणि बेबाकीचा दाखला कोठें ठेविला हें त्याच्या पत्नीस ठाऊक नव्हतें. दाखला अखेर गुरांच्या औषधांच्या डब्यांत सांपडला. तोंपर्यंत त्या बाईनें घातलेल्या खेपा आम्हीं डोळ्यांनीं पाहिल्या आहेत. तिचा दोष एवढाच कीं, तिला कोणी कांहीं सांगितलें नव्हतें.

आतां उतारे संगणकावर मिळतात, मग दप्तर कशास, असें तरुण मंडळी विचारतात. उतारा मिळतो हें खरें. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५७ अन्वयें त्यांतील नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते. शाबीत करावयाचें तें मूळ कागदांनींच. वारसाहक्कानें आलेली जमीन तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावी, असें कलम १४९ सांगतें. दुःखाच्या दिवसांत ही मुदत केव्हांच निघून जाते.

यास्तव आमची सूचना अशी: दप्तराचे चार रुमाल बांधावे. पहिल्यांत खरेदीखत, वाटणीपत्र व मोजणीचा नकाशा. दुसऱ्यांत सातबारा, आठ-अ व फेरफाराच्या नकला. तिसऱ्यांत शेतसारा, वीज व कर्ज यांच्या पावत्या. चौथ्यांत जन्ममृत्यूचे दाखले व मुलांचे शाळेचे कागद. प्रत्येकावर आंतील कागदांची याद असावी. दर अमावास्येस, औत सुटलेलें असतां, घरच्या सर्वांनीं तासभर एकत्र बसून पुढील महिन्याचे हप्ते, पीकपाहणी व शाळेची फी यांच्या तारखा लिहून काढाव्या.

याद मात्र लेकीसुनांकडून वाचवून घ्यावी. कित्येक बांधवांस हें रुचणार नाहीं. कागद दाखविले कीं हिस्सा मागतील, अशी त्यांस धास्ती वाटते. परंतु २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे; कागद लपविल्यानें तो बुडत नाहीं, केवळ तंटा वाढतो. कर्त्याच्या पश्चात् घर ज्यांनीं सांभाळावयाचें, त्यांच्यापासून दप्तर झांकून ठेवणें ही सावधगिरी नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.