डबीतले यंत्र आणि मैदानातली दीक्षा

वाचकहो, कानाचे यंत्र विकत घेतले आहे, पण ते कपाटातल्या डबीतच पडून आहे, अशी किती घरे आपल्या ओळखीची असतील? कळंबमधील एका वृद्ध परिचितांकडे ती डबी मी पाहिली. “लोक बघतात,” एवढेच कारण त्यांनी सांगितले. त्यांना, आणि त्यांच्याशी दिवसभर ओरडून बोलणाऱ्या सूनबाईंना, आज एका मुलीची ओळख करून द्यावीशी वाटते.

दीक्षा डागर ही हरियाणातील झज्जरची. जन्म २००० सालचा. तिला आणि तिच्या भावाला लहानपणापासून ऐकू कमी येते. वडील सैन्यातील अधिकारी. गोल्फ त्यांनीच तिला शिकवला आणि अनेक स्पर्धांत तिच्या काठ्यांची पिशवी सांभाळणारा ‘कॅडी’ही तेच झाले. हा खेळ आपल्या ओळखीचा नाही. पुण्यात येरवड्याला मैदान आहे, परंतु कुंपणापलीकडे काय चालते याची आपणांस फारशी कल्पना नसते. चार-पाच तास चालत, कमीत कमी फटक्यांत चेंडू एकामागून एक अठरा छिद्रांत घालायचा, असा तो खेळ. फटका नीट बसला की नाही हे खेळाडूला आवाजावरूनही उमगते. दीक्षाने तो अंदाज हातांवर आणि नजरेवर अधिक बसवला असावा, असे मला वाटते.

२०१७ साली तुर्कस्तानात झालेल्या डेफलिम्पिक्समध्ये, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिम्पिकमध्ये, तिला रौप्यपदक मिळाले आणि २०२२ साली ब्राझीलमध्ये सुवर्णपदक. मधल्या काळात, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने दक्षिण आफ्रिकेची महिला खुली स्पर्धा जिंकली. पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्येही ती खेळली. डेफलिम्पिक्समध्ये श्रवणयंत्र काढून ठेवूनच खेळावे लागते, सर्वांना समान संधी मिळावी म्हणून. व्यावसायिक स्पर्धांत तशी सक्ती नाही. यंत्र काढावे लागते तेव्हा ती काढते. लोक बघतात म्हणून मात्र नव्हे!

आता आपल्या घराकडे वळू. उतारवयात प्रथम उच्च स्वरांचे आवाज जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात आणि स्वर तेवढे कानी पडतात. म्हणूनच “ऐकू येते, पण समजत नाही” अशी तक्रार होते. अशा वेळी ओरडल्याने शब्द अधिकच विस्कटतात. समोर बसावे, चेहऱ्यावर उजेड असावा, दूरचित्रवाणी बंद असावी, बोलणे सावकाश असावे. न समजलेले वाक्य तसेच पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे. आणि “जाऊ द्या, काही नाही” हे उत्तर कधीही देऊ नये. त्या चार शब्दांनी माणूस घरातल्या घरात एकटा पडतो. श्रवणदोषाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे संशोधक सांगतात.

यंत्र घेण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत. कधी कधी दोष केवळ साठलेल्या मळाचा असतो. एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तेथे दिरंगाई महागात पडते.

सूनबाईंनी मला विचारले, “पण ते लावले की त्यांना भांड्यांचा आवाज सहन होत नाही, मग काय करायचे?” तक्रार खरी आहे. वर्षानुवर्षे शांत राहिलेल्या मेंदूला आवाजांची सवय नव्याने लावावी लागते. पहिल्या आठवड्यात शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, रोज तासभर. मग दोन तास. अंगण आणि देऊळ त्यानंतर, लग्नघर सर्वांत शेवटी. तरीही त्रास झाला तर यंत्र परत डबीत ठेवू नका. श्रवणतज्ज्ञांकडे जाऊन त्याचा आवाज पुन्हा जुळवून घ्या, दोन-तीन फेऱ्या पडल्या तरी चालेल.