क्षारातल्या धातूचा हिशेब

वापरलेले अणुइंधन हा कचरा नव्हे, साठा आहे, ही भारताची भूमिका होमी भाभांच्या त्रिस्तरीय कार्यक्रमाइतकीच जुनी आहे. १९६४ मध्ये तुर्भे येथे पुनर्प्रक्रिया सुरू झाली, तेव्हापासून आपली रीत एकच : इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचे आणि त्यातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढायचे.

भावी द्रुतप्रजनक अणुभट्ट्यांच्या धातुरूप इंधनासाठी कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात निराळ्या पद्धतीवर अनेक वर्षे संशोधन चालू आहे. लिथियम व पोटॅशियम क्लोराइडचे मिश्रण सुमारे ५०० अंश सेल्सिअसला वितळवून त्यात इंधनाचे तुकडे धनाग्र म्हणून ठेवतात. वीजप्रवाहाने युरेनियम पोलादी ऋणाग्रावर जमते. प्लुटोनियम द्रवरूप कॅडमियममध्ये गोळा करता येते. या पद्धतीत किरणोत्साराने बिघडणारी सेंद्रिय द्रावके नाहीत. त्यामुळे इंधन थंड होण्याची फार काळ वाट पाहावी लागत नाही आणि संयंत्रही आटोपशीर होते.

प्रशासनात वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला मात्र प्रश्न पडतो तो हिशेबाचा. आम्लातले द्रावण एकजीव असते; टाकीतला नमुना तपासला की एकूण साठा कळतो. येथे धातू काही क्षारात, काही ऋणाग्रावर, तर काही धनाग्राच्या टोपलीत उरतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अवघे ८ किलो प्लुटोनियम ‘लक्षणीय मात्रा’ मानते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अडचणीचे गांभीर्य उमगते.

२००६ च्या विभाजन योजनेत आपण कल्पाक्कमच्या प्रजनक अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर ठेवल्या. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पण बाहेरचा तपासनीस नसला की घरच्या तपासनिसाची जबाबदारी दुपटीने वाढते. अणुऊर्जा नियामक मंडळाला पुरेशी वैधानिक स्वायत्तता नाही, हे महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्येच दाखवून दिले होते. २०२५ च्या नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला. त्याचा कस अशाच संयंत्रांत लागेल.

मोजणीची व्यवस्था आराखड्यातच असावी आणि ती संयंत्र चालवणाऱ्यांच्या हाती नसावी. जपान आपला प्लुटोनियमचा साठा दरवर्षी जाहीर करतो. आपल्याला सर्व आकडे उघड करणे शक्य नसेल, तर निदान संसदेच्या एखाद्या समितीसमोर ते बंद दाराआड ठेवावेत. गोपनीयता देशाच्या संरक्षणासाठी असते, हिशेब टाळण्यासाठी नव्हे.