‘न्यूरोडायव्हर्स’ : शब्द आणि विवेक

‘आमचा मुलगा न्यूरोडायव्हर्स आहे’ असे सांगणारे पालक अलीकडे चिकित्सालयात येऊ लागले आहेत. तेव्हा या शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ जूडी सिंगर यांनी १९९८ मधील आपल्या प्रबंधात ‘न्यूरोडायव्हर्सिटी’, म्हणजे मानवी मेंदूंच्या घडणीतील वैविध्य, ही कल्पना मांडली. काटेकोरपणे पाहता वैविध्य समूहाचे असते; एकट्या व्यक्तीस ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणावे. व्यवहारात मात्र स्वमग्नता, अतिचंचलता वा डिस्लेक्सिया असणाऱ्या व्यक्तीस पहिलाच शब्द सर्रास लावला जातो.

प्रकृतिभेद मानणाऱ्या आपल्या शास्त्रास ही दृष्टी परकी वाटू नये. तथापि स्वमग्नतेस ‘वातप्रकृती’ म्हणून मोकळे होणे उतावळेपणाचे ठरेल. वैविध्य म्हटल्याने साहाय्याची गरजही संपत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे.

अशा मुलांच्या निद्रानाशावर, मलावष्टंभावर अवश्य चिकित्सा करावी. परंतु ‘स्वमग्नता समूळ बरी करू’ अशी पाटी वैद्याने वा औषधविक्रेत्याने लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पालकांच्या अगतिकतेवर व्यवसाय उभा करणे आपल्या शास्त्रास शोभणारे नाही.