रॅप ऐकावं, पण कान उघडे ठेवून!

म्हैसूर-उटीची सहल केलेल्या मंडळींना नंजनगूड आठवत असेल. म्हैसूर सोडलं की पंचवीसेक किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी हे गाव लागतं. गाडी थांबते, श्रीकंठेश्वराचं दर्शन होतं, इथली प्रसिद्ध 'रसबाळे' केळी मिळालीच तर घ्यायची आणि पुढे उटीचा रस्ता धरायचा. कन्नडमध्ये 'नंजु' म्हणजे विष. समुद्रमंथनातलं हलाहल पिऊन ते कंठात रोखून धरणारा तो नंजुंडेश्वर, आणि त्याचं गाव ते नंजनगूड.

देवाची ही गोष्ट जरा लक्षात असू द्या. आजचा विषय आहे रॅप, आणि या विषयात विषाचा संबंध बराच येतो!

याच परिसरात, म्हणजे म्हैसूर, मंड्या आणि चामराजनगर या जिल्ह्यांत 'कंसाळे' नावाची लोककला आहे. कलाकाराच्या एका हातात वाटीसारखी काशाची झांज असते, दुसऱ्या हातात गोंडा लावलेली चपटी झांज. ती गरागरा फिरवत, नेमक्या ठोक्यावर आपटत हे लोक मलेमहादेश्वराची कथा गातात. एक म्होरक्या गातो, बाकीचे साथ देतात. ठोका चुकला की श्रोत्याला लगेच कळतं. त्यासाठी संगीताच्या परीक्षा द्याव्या लागत नाहीत. लहानपणापासून ऐकून कान तयार झालेला असतो.

आता याच भागातल्या पोरांच्या मोबाइलवर कन्नड रॅप वाजतं. 'ऑल ओके' या नावानं गाणारा आलोक, २०१८ मध्ये कन्नड 'बिग बॉस' जिंकणारा चंदन शेट्टी अशांनी ते घराघरांत पोचवलं. आणि घराघरांत एक नवा वादही सुरू झाला. "हे काय गाणं आहे? नुसती बडबड!" असं वडील म्हणतात. "तुम्हाला नाही कळायचं, बाबा," असं म्हणून मुलगा कानात बोळे घालतो. नाशिक-कोल्हापूरच्या घरांतही हाच संवाद होतो. फक्त भाषा बदलते.

खरं तर दोघंही चुकतात. वडील न ऐकताच निकाल देतात. मुलगा ऐकतो, पण पारख न करता. जे येईल त्याला 'एक नंबर!' म्हणत सुटतो. कलेचं नुकसान दोघांच्या हातून सारखंच होतं.

फ्रीस्टाइल म्हणजे नेमकं काय?

११ ऑगस्ट १९७३ या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क यानं एका इमारतीच्या हॉलमध्ये पार्टीत तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीचा मानतात. तबकडीवरच्या ठोक्यावर बोलत-गात जाणं म्हणजे रॅप. आणि तेच, आधी न लिहिता, उभ्याउभ्या रचत जाणं म्हणजे फ्रीस्टाइल. पोरं गोल करून उभी राहतात, एकजण तोंडानं ठेका धरतो आणि पाळीपाळीनं प्रत्येकजण मध्ये येऊन रचतो. या रिंगणाला 'सायफर' म्हणतात. दोघं समोरासमोर येऊन एकमेकांवर कवनं सोडू लागले की ती 'बॅटल'.

गंमत अशी की, १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये 'फ्रीस्टाइल' हा शब्द आधी लिहून आणलेल्या, पण कुठल्याही एका विषयाला न बांधलेल्या कवनालाही वापरत. 'आयत्या वेळी रचलेलं' हा अर्थ पुढे रूढ झाला. त्यामुळे या शब्दातच थोडी पळवाट आहे, हे रसिकानं ओळखून असावं.

आपल्याकडे हे लोण घरोघर गेलं ते मुंबईतून. डिव्हाइन आणि नेझी या दोघांचं 'मेरे गली में' २०१५ मध्ये आलं. त्यांच्या आयुष्यावरून स्फुरलेला झोया अख्तरचा 'गली बॉय' १४ फेब्रुवारी २०१९ ला पडद्यावर आला. 'स्वदेसी' या मुंबईच्या चमूत एमसी मवाली मराठीतून, तर एमसी तोडफोड गुजरातीतून रॅप करत असे. तोडफोड २०२२ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. आपापल्या घरच्या भाषेत रॅप करता येतं, हे या पोरांनी दाखवून दिलं.

फड जुनाच, फेटा नवा!

मराठी माणसाला यात परकं वाटावं असं फार थोडं आहे. कलगी-तुऱ्याचा फड आठवून पाहा. तुरेवाले पुरुषाला, म्हणजे शिवाला थोर मानणार. कलगीवाले शक्तीला. एकानं कवनातून कोडं टाकायचं, दुसऱ्यानं कवनातूनच सोडवायचं. कोकणात शक्ती-तुरा म्हणून हे सामने आजही रंगतात. 'सवाल माझा ऐका' (१९६४) हा चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना बॅटल म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. हीच परंपरा उत्तर कर्नाटकातही आहे. तिथे या दोन पक्षांना 'हरदेशी' आणि 'नागेशी' म्हणतात.

कर्नाटकात याहून कठीण अशी एक परीक्षा आहे. तिचं नाव अवधान. अष्टावधानात विद्वान कवीभोवती आठ पृच्छक, म्हणजे प्रश्नकर्ते बसतात. एकजण चार भलतेच शब्द देतो आणि ते श्लोकाच्या चार ओळींत गुंफायला सांगतो. दुसरा तर पुढचं कुठलं अक्षर वापरायचं नाही ते पावलोपावली सांगत राहतो. तिसऱ्याचं काम फक्त मध्येच काहीतरी विषयांतर करून कवीचं लक्ष उडवायचं! कवी प्रत्येकाला एका फेरीत एकच ओळ देतो आणि शेवटी सगळे श्लोक आठवून सलग म्हणून दाखवतो. शिक्षणानं इंजिनिअर असलेले शतावधानी रा. गणेश यांनी २०१२ मध्ये बंगळुरूत शंभर पृच्छकांसमोर तीन दिवसांचं कन्नड शतावधान केलं.

अवधानात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती? तर पृच्छक. कवी आधी पाठ करून आला असेल तर ते उघडं पडावं, अशीच प्रश्नांची रचना असते. म्हणजे टीकाकार हा कलेचा शत्रू नाही. त्याच्यासाठी व्यासपीठावरच आसन मांडलेलं असतं.

ऐकताना काय पाहायचं?

पहिली कसोटी, कवन 'आत्ताचं' आहे का? समोरच्याच्या शर्टाचा रंग, मघाशी गेलेली वीज, प्रतिस्पर्ध्यानं नुकताच वापरलेला शब्द, यांतलं काही कवनात आलं तर ते तिथे रचलेलं. 'मी वाघ, तू शेळी' अशा चालीचं कुठल्याही गावात, कुणाच्याही तोंडावर फेकता येईल असं काही आलं, तर ते बहुधा घरून बांधून आणलेली शिदोरी. लिहून आणणं हा गुन्हा नाही. टीव्हीवरच्या स्पर्धांमधली बरीच कवनं आधी लिहिलेलीच असतात आणि त्यांतली काही सुरेख असतात. लिहिलेलं 'आयतं' म्हणून खपवणं, ही मात्र लबाडी.

दुसरी कसोटी तालाची. रॅपची एक ओळ साधारण चार ठोक्यांची, आणि सोळा ओळींचं एक कडवं. मिनिटाला नव्वद ठोक्यांची चाल धरली तर हे सारं सुमारे त्रेचाळीस सेकंदांत आटपतं. तेवढ्यात विचार करायचा, यमक जुळवायचं, श्वास घ्यायचा आणि ठोकाही सोडायचा नाही! वेगानं बोलणारा तो उत्तम, असा मुलांचा समज असतो. तो खोटा आहे. भरधाव सुटलेल्या पोराचे अर्धे शब्द कळत नसतील तर त्या वेगाचा उपयोग काय? हळू चालीत, ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळून नेमक्या जागी उतरणं जास्त अवघड असतं.

तिसरी कसोटी यमकाची. मुरलेला कलाकार पुष्कळदा ओळीचा शेवटचा शब्द आधी ठरवतो आणि तिथवरचा रस्ता मागून बांधतो. त्यामुळे यमक जुळलं एवढ्यावर खूश होऊ नये. यमकासाठी अर्थाची ओढाताण झाली का, ते पाहावं. 'भाई-कमाई-लढाई' ही माळ कुणालाही ओवता येते. अनपेक्षित शब्द आला आणि तरीही तोच तिथे हवा होता असं वाटलं, की खुशाल दाद द्यावी.

चौथी कसोटी भरणीची. 'यो', 'सुन', 'समझा क्या' ही भर कवनात सारखी येते. तिला एकदम नाकं मुरडू नयेत. आपल्या शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतात, तेव्हा शाहिराला श्वास आणि पुढच्या ओळीचा विचार, दोन्हींना सवड मिळते. 'यो'चं कामही तेच. पण दर दुसऱ्या ओळीला 'यो' आलं, तर डाळीपेक्षा पाणीच जास्त झालं म्हणायचं.

आणि पाचवी कसोटी, अडखळल्यावर काय होतं? फ्रीस्टाइलमध्ये प्रत्येकजण कधीतरी अडखळतो. कच्चा गडी तिथे थांबतो, नाहीतर पाठ केलेल्या ओळीवर उडी मारतो. पक्का गडी आपल्या अडखळण्यावरच पुढची ओळ रचतो. खरी प्रतिभा दिसते ती इथे.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बारा रॅपरांच्या मेंदूची चित्रं घेतली होती. पाठ केलेलं म्हणताना आणि आयतं रचताना मेंदूत काय फरक पडतो, ते त्यांनी तपासलं. रचताना मेंदूच्या पुढच्या भागातली आतून येणाऱ्या ऊर्मीशी निगडित केंद्रं जास्त जागी झाली आणि स्वतःवर पहारा ठेवणारी केंद्रं मंदावली. म्हणजे पहारेकऱ्याला जरा डुलकी लागते तेव्हा कविता बाहेर पडते!

विष कुठे रोखायचं?

पण पहारेकरी झोपला की बाहेर काय पडेल याचा नेम नसतो. म्हणूनच नंजुंडेश्वराची आठवण. बॅटलमध्ये समोरचा विष ओकणार, हे ठरलेलंच असतं. ते पचवून उत्तर देणं ही कला. २००२ च्या 'एट माइल' या चित्रपटात एमिनेमनं रंगवलेला नायक शेवटच्या सामन्यात स्वतःची सारी लक्तरं स्वतःच वेशीवर टांगतो. आपली गरिबी, आपली फजिती, आपल्याला बसलेला मार, सगळं प्रतिस्पर्ध्याच्या आधी सांगून मोकळा होतो. मग दादागिरीचा आव आणणारा प्रतिस्पर्धी खासगी शाळेत शिकलाय, एवढंच जाहीर करतो. समोरच्याकडे उत्तर उरत नाही. विष आधीच पिऊन टाकलं, आता देणार काय?

उलट, ज्याच्याकडे शब्द नसतात तो आई-बहिणीवर उतरतो. कुणाच्या जातीवर, रंगावर, अंगकाठीवर घसरतो. रिंगणात मुलगी असेल तर तिच्या कवनाला उत्तर देण्याऐवजी तिच्या बाईपणावर बोलतो. अशा ओळीला सर्वांत मोठी आरोळी मिळते, हे दुर्दैव. आणि ही आरोळी कोण देतं? श्रोताच! प्रतिस्पर्ध्यानं जे निवडलं, त्याचं आळस, नक्कल, खोटा रुबाब असं जे वागणं आहे, त्यावर कितीही झणझणीत बोलावं. जे त्यानं निवडलेलंच नाही, त्या जन्मावर आणि शरीरावर बोलणं म्हणजे कवित्व संपल्याची कबुली. श्रोत्यांनी तिथे नुसतं गप्प राहावं. भर रिंगणातल्या शांततेइतकी बोचरी टीका दुसरी नाही.

नक्कलही अशीच ओळखता येते. ज्यानं बंदूक फक्त जत्रेतल्या फुगे फोडायच्या स्टॉलवर धरली, त्यानं ब्राँक्सच्या गोळीबाराच्या गोष्टी सांगू नयेत. त्यापेक्षा सकाळची नळाची रांग, चुकलेली एसटी, बारावीचे मार्क यांवर बोलावं. डिव्हाइन आणि नेझी लोकांना भिडले ते आपल्या गल्लीबद्दल बोलले म्हणून.

घरच्या घरी एक खेळ

तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी आरशासमोर हातवारे करत पुटपुटताना दिसली, तर दारातून परतू नका. आत जा आणि अवधानातल्या पृच्छकासारखे तीन शब्द द्या. कुकर, परीक्षा, पाऊस. ताटावर चमच्यानं ठेका धरा आणि म्हणा, "चल, आठ ओळी कर!" पहिल्यांदा फजिती होईल. दुसऱ्यांदा थोडं जमेल. मग एक गोष्ट नेमकी आवडलेली सांगा आणि एक नेमकी खटकलेली. 'छान' आणि 'बंडल' हे दोन शब्द मात्र त्या दिवसापुरते वर्ज्य.

आणि मुलांनो, तुम्हीही आई-बाबांना तीन शब्द मागू द्या. ज्याला फक्त वाहवा मिळते तो पुढच्या वर्षीही त्याच चार यमकांवर उभा असतो. ज्याला घरातच एक चोखंदळ कान मिळतो, तो कुठल्याही रिंगणात जायला घाबरत नाही.