एक त्यांची, मग एक आपली

नदीचे पात्र अरुंद झाले म्हणजे पाणी थोडे तुंबते, वर चढते आणि मग वाट काढून पुढे जाते. वाहनांच्या प्रवाहाचे मात्र तसे होत नाही. दोन रांगांची जेथे एक रांग व्हावयाची असते तेथे चाके थांबतात, भोंगे वाजू लागतात आणि एरवी सौम्य असणाऱ्या गृहस्थांच्या तोंडून, त्यांच्या मुलांनी ऐकू नयेत असे शब्द बाहेर पडतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारी आज दुचाकी उभी आहे, काहींच्या घरी टेम्पो अथवा ट्रॅक्टर आहे, आणि कित्येकांची मुले गोव्यात किंवा पुण्यात वाहन चालवून घर चालवीत आहेत. यास्तव या लहानशा वाटणाऱ्या विषयाचा आज थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

हा प्रसंग आपल्या भागात कोठे येतो ते प्रथम पाहू. निपाणीकडून कोल्हापुरास जाताना कोगनोळीचा टोलनाका लागतो. नाक्यावर खिडक्या अनेक, परंतु पुढील रस्त्याचे पट्टे थोडे. २०२१ सालच्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामुळे सुट्या पैशांसाठी होणारा खोळंबा कमी झाला. पण खिडकीतून सुटलेल्या गाड्यांनी पुढे एकमेकींत मिसळावयाचे कसे, हे कोणतेही यंत्र शिकवीत नाही. रस्त्याचे काम चालू असले की पिवळ्या पिंपांची रांग लावून एक पट्टा बंद करतात, तेथेही तेच. उसाच्या हंगामात दोन दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर एखाद्या जुन्या पुलाच्या तोंडाशी आला की तेथेही तेच. आणि रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्याच देवळाच्या फाटकाशी जे घडते, त्याविषयी आम्ही शेवटी बोलू.

आता हिशेब करू, कारण रागाला हिशेबाचे वावडे असते. रस्त्याच्या एका पट्ट्यातून, सर्व काही सुरळीत असता, तासाला सुमारे १,८०० ते २,००० वाहने जाऊ शकतात, असे वाहतूकशास्त्र सांगते. म्हणजे एका वाहनामागे सुमारे दोन सेकंद. आपण एका गाडीला आपल्यापुढे येऊ दिले, तर आपले नुकसान दोन सेकंदांचे झाले. दहा गाड्यांना येऊ दिले तरी वीस सेकंदांचे. एवढ्या वेळात चुलीवरचे दूधही उतू जात नाही! परंतु त्या दोन सेकंदांसाठी दोघे चालक नाकाला नाक लावून अडून बसले, म्हणजे मागच्या शंभर माणसांचा पाव तास जातो. कंजूष मनुष्य पैसा राखतो तेव्हा निदान पैसा तरी उरतो. वेळेच्या या कंजुषीत कोणाच्याच हाती काही उरत नाही.

जपानातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांनी २३० मीटर परिघाच्या एका वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या अंतराने उभ्या केल्या आणि सर्वांना एकाच वेगाने चालत राहण्यास सांगितले. मार्गात ना फाटक, ना खड्डा, ना अरुंद पूल. तरीही थोड्याच वेळात कोंडी निर्माण झाली. एकाचा वेग किंचित मंदावला, मागच्याने त्याहून अधिक ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि शेवटी कोणीतरी अगदी थांबले. ती कोंडी लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली. यावरून असे दिसते की, पुढच्या गाडीच्या पाठीला चिकटून जाणारा आणि मग दचकून ब्रेक दाबणारा चालक आपल्यामागे एक लाट सोडून जातो. ती कोणाला जाऊन लागली हे त्याला कधीच कळत नाही. उलट, पुढे थोडी जागा राखणारा मनुष्य त्या लाटेला तेथेच गिळून टाकतो. त्याच्या या उपकाराबद्दल त्याला कोणी धन्यवाद देत नाही, कारण जी कोंडी झालीच नाही ती कोणाला दिसणार?

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रामाणिक माणसाला नेहमी छळतो. पुढे डावा पट्टा बंद आहे अशी पाटी वाचून आपण शहाण्यासारखे आधीच उजवीकडे आलो आणि रांगेत उभे राहिलो. तोच एक मोटार रिकाम्या डाव्या पट्ट्यातून सरळ पुढे जाते आणि अगदी तोंडाशी जाऊन आत येऊ पाहते. हा रांग मोडणारा लबाड नव्हे काय? आपल्याला तसे वाटते, आणि आपण पुढच्या गाडीला बंपर चिकटवून त्याची वाट अडवितो. परंतु जर्मनीच्या वाहतूक-कायद्यात नेमके याच प्रसंगासाठी कलम आहे. बंद होणाऱ्या पट्ट्यातील वाहनांना अरुंद जागेच्या अगदी अलीकडे, एकाआड एक या क्रमाने, आत येऊ दिलेच पाहिजे असे ते सांगते. या रीतीला तेथे पिशवीच्या किंवा कपड्याच्या चेनचे नाव आहे: एक दात इकडचा, एक तिकडचा, आणि दोन्ही कडा एक होतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या वाहतूक खात्यानेही हीच रीत लोकांना शिकविली. तिच्यामुळे तुंबलेल्या रांगेची लांबी ४० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते असे त्या खात्याचे म्हणणे आहे. कारण साधे आहे: दोन्ही पट्टे शेवटपर्यंत भरले तर रांग अर्ध्या लांबीत मावते आणि मागचे चौक अडत नाहीत. तेव्हा ज्याला आपण लबाड म्हणतो तो प्रत्येक वेळी लबाड असतोच असे नाही.

मात्र याचा विपरीत अर्थ कोणी काढू नये. एकाच दिशेच्या दोन पट्ट्यांची गोष्ट वेगळी आणि समोरून येणाऱ्यांचा पट्टा बळकाविणे वेगळे. बेळगावकरांना रेल्वेच्या फाटकांचा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. फाटक पडले की डावीकडची रांग सोडून दुचाक्या आणि रिक्षा उजवीकडे पसरतात. पलीकडचे लोकही तसेच करतात. गाडी निघून गेल्यावर फाटक वर होते, तेव्हा दोन सैन्ये समोरासमोर उभी असतात आणि कोणालाच पुढे जाता येत नाही. येथे हुशारी करणाऱ्याने जे घेतले ते त्याचे नव्हतेच. रस्त्याकडेच्या मातीतून चालणाऱ्यांना बाजूला सारून पुढे घुसणाऱ्याचेही तेच आहे.

घाटात तर हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. चोर्ला घाटाच्या वळणावर दोन मोठी वाहने समोरासमोर आली आणि जागा एकालाच आहे, अशा वेळी कोणी थांबावे? आपल्या देशाच्या १९८९ च्या रस्ता-नियमांत याचे उत्तर आहे, आणि २०१७ च्या नव्या नियमांतही ते कायम आहे: उतरणाऱ्याने बाजूस थांबावे, चढणाऱ्याने जावे. भरलेली गाडी चढावर थांबली तर तिला पुन्हा उचलणे कठीण, आणि ती मागे घसरली तर अनर्थच. आपल्या वाडवडिलांना हा न्याय पुस्तकाविना ठाऊक होता. पाणंदीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की रिकामी गाडी कडेला होई आणि भरलेली पुढे जाई. ज्याच्यावर ओझे अधिक त्याला आधी वाट, हा कोणत्याही सौजन्याचा पाया आहे.

सौजन्याचा अतिरेकही होऊ शकतो, हेही सांगणे प्राप्त आहे. काही भले लोक वाहत्या रस्त्यात मध्येच थांबून पाच-सहा गाड्यांना हात दाखवून बोलावितात. समोरच्यांवर त्यांनी उपकार केला खरा, परंतु मागून येणाऱ्यांना ते अनपेक्षित असते, आणि अशाने अपघात घडतात. म्हणून एकाला वाट द्यावी, मग आपण जावे. आपल्यामागचा पुढच्या एकाला देईल. दान आपल्या खिशातून करावे, मागच्याच्या खिशातून नव्हे.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र सरकारच्याच अहवालात नमूद आहे. त्या मृत्यूंची कारणे अनेक आहेत, आणि सर्व काही पुढे घुसण्यामुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेत कोण निजले आहे, याचा विचार भोंगा दाबताना आपण करतो काय? बाळंतपणासाठी नेलेली सून असेल, सर्पदंश झालेला शेतमजूर असेल. २०१९ च्या दुरुस्तीने अशा वाहनाला वाट न देणाऱ्यास १०,००० रुपये दंडाची तरतूद झाली आहे. परंतु जेथे दोन्ही रांगा एकमेकींत रुतून बसल्या आहेत, तेथे वाट देण्याची इच्छा असूनही कोणाला हलता येत नाही. वाट देण्याची तयारी रुग्णवाहिका दिसण्यापूर्वीच करावी लागते.

१९ जून २००७ रोजी व्हॅटिकनने रस्त्यावरील जीवनासंबंधी एक मार्गदर्शक पत्रक काढले आणि त्यात चालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. पहिली आज्ञा जुनीच आहे, खून न करण्याची. पुढील आज्ञांत सौजन्य व सावधपणा यांचा उपदेश आहे, वाहनाला सत्ता गाजविण्याचे साधन करू नये अशी सूचना आहे आणि दुर्बळाचे रक्षण करावे असेही आहे. पत्रक निघाले तेव्हा कित्येकांना त्याचे हसू आले. आम्हांस आले नाही, कारण मनुष्य चाकामागे बसला की त्याच्या ओठांवरचा धर्म त्याच्या हातापायांत उतरला आहे की नाही, हे तेथे ताबडतोब कळते.

आणि म्हणूनच देवळाच्या फाटकाची गोष्ट. मिस्सेत आपण शेजाऱ्याकडे वळून त्याला शांती देतो. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत त्याच शेजाऱ्याच्या स्कूटरपुढे आपले चाक घालतो, आणि मागे बसलेले लेकरू ते पाहते. ते लेकरू उद्या अठरा वर्षांचे होऊन परवाना काढील. तेव्हा ते परीक्षकाला नियम सांगेल, पण गाडी बापासारखी चालवील.

आमची सूचना एवढीच की, येत्या रविवारी पुरुषमंडळींनी फाटकातून बाहेर पडताना हा पाठ घ्यावा. आधी पायी जाणाऱ्या वृद्धांना व लेकुरवाळ्या बायकांना जाऊ द्यावे. मग डावीकडची एक गाडी, उजवीकडची एक गाडी. कोणी हात करून आभार मानले तर मान हलवावी, न मानले तर मनाला लावून घेऊ नये. कोगनोळीला हेच करावयाचे आहे. तेथे कोणी आपल्याला ओळखत नाही, एवढाच काय तो फरक.